तिसऱ्या अंकातला मित्र

सोलापूरच्या बाळीवेशीत फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या सिद्धलिंगला त्याच्या दुकानावरून ओळखणारे लोक थोडे होते. बरेचजण त्याला त्याच्या मरण्यावरून ओळखायचे. गुरप्पा मास्तरांच्या हौशी नाटक मंडळीत तो उमेदीची सगळी वर्षं नायकाचा मित्र झाला होता आणि जवळजवळ प्रत्येक नाटकात मेला होता. कधी कुऱ्हाडीनं, कधी विषानं, एकदा पुरात वाहून. अक्कलकोटपासून मंगळवेढ्यापर्यंतच्या जत्रांमध्ये त्याला मरताना बघून डोळे पुसलेल्या बायका अजून बाजारात भेटायच्या आणि कौतुकानं म्हणायच्या, तुमी लई छान मरत होता बघा.

मास्तर नाटकं स्वतःच लिहायचे आणि त्यांचं गणित सोपं होतं. नायक मेला की लोक चिडतात. मित्र मेला की बायका रडतात, आणि बायका रडल्या की पुढच्या वर्षी परत बोलावणं येतं. म्हणून तिसऱ्या अंकात नायक कचाट्यात सापडला की मित्रानं मध्ये पडायचं, नायकाच्या मांडीवर डोकं ठेवायचं, दोन वाक्यं बोलायची आणि मान टाकायची.

ती मांडी अनिलकुमारची असायची. मंगळवार पेठेत त्याच्या घराण्याचं भुसार मालाचं दुकान होतं. उंच, नाकेला, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. दोघं एका गल्लीत वाढले, एका शाळेत नापास झाले, एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली. अनिलकुमारची बायको शांतम्मा आणि सिद्धलिंगची ईरम्मा दर सोमवारी बरोबरीनं सिद्धेश्वराच्या देवळात जायच्या. नवऱ्यांची नाटकं थांबली, मंडळीतले निम्मे लोक पोटापाण्याला पांगले, तरी सोमवार चालूच राहिला.

पन्नाशी उलटल्यावर अनिलकुमारच्या पायांवर सूज दिसायला लागली. त्यानं ती बरेच दिवस उभ्यानं धंदा करण्यावर ढकलली. दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या होत्या. आठवड्यातनं दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं ठरलं. शांतम्माला दुकान सोडता येईना, एकुलती एक मुलगी काव्या पुण्याला सासरी. तेव्हा त्याला रिक्षात घालून नेणं, चार तास शेजारी बसणं आणि परत घरी आणून सोडणं हे आपोआप सिद्धलिंगकडं आलं. कुणी त्याला सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

चार तास म्हणजे फार मोठा वेळ. एका हातात सुया, तो हात हलवायचा नाही. तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. समोरच्या भिंतीवर टीव्ही असे, आवाज बंद केलेला. एकदा त्यावर कुठलातरी मारामारीचा पिक्चर चालला होता आणि नायकाच्या मित्राला गुंडांनी घेरलं होतं. हा आता जाणार बघ, अनिलकुमार म्हणाला, आणि तो गेलाच. तिथून दोघांचा विषय सुरू झाला तो महिनोन् महिने चालला: आजवर पाहिलेल्या, वाचलेल्या, ऐकलेल्या सगळ्या सोबत्यांत सगळ्यात भारी कोण.

अनिलकुमारचा पहिला नंबर ठरलेला होता. लहानपणी विजापूरला मामाकडं त्यानं एक जुना कानडी पिक्चर पाहिला होता. त्यात शत्रूनं धरलेल्या राजाला चार दिवसांची सुटी हवी असते, आणि त्याच्या बदली त्याचा मित्र किल्ल्यात ओलीस राहतो. चौथ्या दिवशी मित्राला सुळाकडं नेतात तेव्हा तो हसत जातो. ते हसू अनिलकुमारला अजून आठवत होतं. सिद्धलिंगनं विचारलं, मग राजा परत आला का? अनिलकुमारनं बराच विचार केला. ते काय आठवत नाही म्हणाला, मित्र तेवढा आठवतो.

सिद्धलिंगची आवड वेगळी होती. वाचनालयातनं आणलेल्या जुन्या पुस्तकांत एका गुप्तहेराची मालिका होती आणि त्या गुप्तहेराला एक टांगेवाला होता. सगळी धावपळ टांगेवाला करायचा, चोराच्या मागं घोडा पिटाळायचा, अंधारात साहेबासाठी तासन् तास उभा राहायचा. शेवटी गुन्हा उलगडला, साहेबाचं कौतुक सुरू झालं की तो टांगा वळवून घरी जायचा, घोड्याला चारा घालायचा आणि झोपायचा. सिद्धलिंगला ते झोपणं फार आवडायचं. अनिलकुमार म्हणे, त्यात काय हाय? गेला कुटं त्याचा जीव? सिद्धलिंगचं म्हणणं असं की दर वेळी परत येऊन उभा राहतो, हेच मोठं काम. मेलेल्याला एकदाच यावं लागतं.

मग त्यांनी इतर लोक काढले. जाडा, झगझगीत शर्ट घालणारा, सदा खात असणारा मित्र, जो मध्यंतरानंतर कुठं जातो ते कुणालाच कळत नाही. तो मेलेला नसतो, भांडून गेलेला नसतो, लिहिणाऱ्याला त्याची गरज संपलेली असते एवढंच. सिद्धलिंगला त्याचं सगळ्यात वाईट वाटायचं. मग सोन्याच्या साखळीसाठी नायकाला विकणारा मित्र. त्याला अनिलकुमार सोबत्यांत धरायलाच तयार नव्हता, तो खलनायकच म्हणायचा. सिद्धलिंग म्हणाला, त्या दिवसापर्यंत तो सोबतीच असतो की. यावर दोघांची चांगलीच जुंपली आणि सिस्टरनं येऊन दोघांना दटावलं.

मशीनवरचे बाकीचे पेशंटही या वादात भाग घ्यायला लागले होते. दिवस बरे नव्हते, पण ते दिवस वाईटही नव्हते.

उन्हाळ्यात अनिलकुमार खालावला. सुया टोचायची हातातली शीर बंद पडली, म्हणून मानेत नळी घातली. डॉक्टरांनी शांतम्माला बोलावून सांगितलं की किडनी बदलण्याचं आता मनावर घ्या. शांतम्माला साखर होती, तिची चालणार नव्हती. माझी घ्या म्हणून काव्या मागं लागली होती, पण तिला नुकतेच दिवस गेले होते. अनिलकुमारच्या हुबळीच्या भावानं आधी हो म्हणून मग फोन उचलणं बंद केलं. मरणोत्तर मिळणाऱ्या किडनीसाठी नाव नोंदवलं तर रांग केवढी, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

शांतम्मा हे सगळं मशीनजवळ उभी राहून नवऱ्याला सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. आजूबाजूचे पेशंट भिंतीकडं बघायला लागले. अनिलकुमार डोळे मिटून पडला होता. आणि सिद्धलिंग स्टुलावरून उठला.

"माझी घे, अन्या," तो म्हणाला. "मला दोन हायत."

तो आवाज सगळ्या खोलीत गेला. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. सिस्टर हातातली बाटली तशीच धरून उभी राहिली. शांतम्मा, जिला तो वहिनी म्हणायचा, खाली वाकली आणि त्यानं अडवेपर्यंत तिचं कपाळ त्याच्या पायाला लागलं. अनिलकुमारनं मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पुढं कितीतरी वेळा सिद्धलिंग त्या क्षणाकडं परत गेला. त्यात खोटं काही नव्हतं. त्याला खरोखर द्यावीशी वाटली होती. पण तो आवाज छातीतून, पोटातून, तालमीत शिकवलेल्या जागेवरून आला होता, आणि बोलून झाल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती त्याच्या ओळखीची होती. ती पसरल्यावर आपण काय करायचं असतं, ते त्याला पाठ होतं. आता त्यापुढचं काही पाठ नव्हतं.

घरी जाऊन त्यानं ईरम्माला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिनं विचारलं, नंतर दुखतं का? मग विचारलं, जड उचलता येतं का? त्याला दोन्हीचं उत्तर माहीत नव्हतं. ती थोडा वेळ निवडत राहिली.

"तुमचं अंग, तुमचा दोस्त," ती म्हणाली. "मी कशाला न्हाय म्हणू?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला गॅसची टाकी उचलू देणं बंद केलं.

पुण्याला तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. तब्येत तिशीतल्या माणसाची आहे म्हणून डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. शेवटी दवाखान्यातल्या एका समाजसेविका बाईंनी त्याला एकट्याला खोलीत बसवून घेतलं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, असं त्यांनी विचारलं. मनात नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही त्यांना जुळत नाही एवढंच कळवू, तुमचं नाव कुठं येणार नाही, असंही म्हणाल्या. सिद्धलिंगला राग आला. आमी दोघं एका ताटात जेवलोय बाई, असं तो म्हणाला आणि खुर्चीवरून उठला. बाई हसल्या. नात्यातला नसलेला माणूस किडनी देतो तेव्हा समितीपुढं जावं लागतं, बायकोलाही बरोबर आणावं लागतं, तिची संमती लागते, हे सांगून त्यांनी पुढची तारीख दिली.

ती तारीख येईपर्यंतचे दिवस त्यानं दुकानात काढले. काच कापता कापता त्याचा हात कमरेवर जायचा. बरगडीच्या खाली, पाठीकडं, आत काहीतरी बिनतक्रार काम करतंय असं त्याला वाटायचं. आयुष्यात त्याच्या अंगाला सुरी लागलेली नव्हती. कुऱ्हाडी लाकडाच्या असायच्या, रक्त कुंकवाच्या पाण्याचं. मरून झालं की पडद्यामागं जाऊन तो तोंड धुवायचा आणि वांग्याच्या भाजीबरोबर भाकरी खायचा. भीती एकदम आली नाही. ती रोज थोडी थोडी आली. रस्त्यात लोक भेटून त्याचा हात हातात घ्यायचे, गुरप्पा मास्तरांनी घरी येऊन शाल घातली, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढली. हे कुणाला सांगावं तर सांगण्यासारखा माणूस एकच होता आणि तो पुण्यात मुलीच्या घरी त्याची वाट बघत होता.

ठरलेल्या दिवशी सकाळच्या गाडीनं सिद्धलिंग आणि ईरम्मा निघाले. ईरम्मानं दोन पिशव्या भरल्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि बिनमिठाची वेगळी थोडी चटणी. खिडकीतून उसाचे फड आणि केळीच्या बागा जात होत्या. कुर्डुवाडी गेलं. 

जेऊरला गाडी थांबली तेव्हा तो पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. नळावर बाटली भरली. झाकण लावलं. गाडीनं शिट्टी दिली. ईरम्मानं खिडकीतून पाहिलं तर तो नळाजवळ उभा होता. तिनं हाक मारली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पण पाय उचलला नाही. ऐकू न आलेल्या माणसासारखं नव्हतं ते. तो तिच्याकडंच बघत होता.

ईरम्माला काय कळलं कोण जाणे. तिनं दोन्ही पिशव्या ओढल्या, लोकांना बाजूला सारत दारापर्यंत आली आणि हळूहळू सुटलेल्या गाडीतून उतरली. उतरताना तिचा तोल गेला, गुडघा फरशीवर आपटला. एका पोऱ्यानं तिला हात दिला. गाडी निघून गेली. मग ती लंगडत त्याच्याजवळ आली, त्याच्या हातातली बाटली घेतली आणि त्याला बाकड्यावर बसवलं.

दोघं बसून राहिले. फलाट रिकामा झाला. सिद्धलिंगचे हात थंड पडले होते. ईरम्मानं लुगडं थोडं वर करून गुडघा बघितला. खरचटलं होतं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. काव्याचा होता. काका, कुठवर आलात, तिनं विचारलं. बाबा सकाळपासून तयार होऊन बसलेत.

सिद्धलिंगनं तोंड उघडलं. आपण काय बोलणार आहोत हे त्याला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"काव्या, आमी येत न्हाय," तो म्हणाला. "तुझी काकू नको म्हणतीया. सही करणार न्हाय म्हणती. मी लई समजावलं बघ."

 काव्यानं काकूला फोन द्या म्हणून सांगितलं. त्यानं, ती बोलायला तयार नाही, असं सांगितलं. हे सगळं बोलणं चाललं असताना ईरम्मा त्याच्या शेजारी, त्याच्या कोपराला कोपर लागेल एवढ्या अंतरावर बसली होती. फोन ठेवल्यावर त्यानं तिच्याकडं बघायचा प्रयत्न केला. ती रुळांकडं बघत होती. तिनं पिशवीतून भाकरी काढली, मोडून अर्धी त्याच्या हातात दिली आणि सोलापूरला परत जाणारी गाडी किती वाजता आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारायला उठली.

अनिलकुमार आठवड्याभरात सोलापूरला परत आला आणि पुन्हा मशीन सुरू झालं. सिद्धलिंग रिक्षा घेऊन दारात गेला तेव्हा शांतम्मानं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. तुमचा काय दोष भाऊजी, असं ती म्हणाली. बाईमाणसानं हट्ट धरला तर पुरुष काय करणार. ती हे रागानं बोलली नाही. राग तिनं ईरम्मासाठी राखून ठेवला होता.

सोमवारी ईरम्मा नेहमीसारखी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. शांतम्मा आली, तिला ओलांडून पुढं गेली. त्यानंतर ईरम्मा देवळात एकटी जाऊ लागली, मग सोमवार टाळून गुरुवारी जाऊ लागली. गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ईरम्मानं नवऱ्याला अडवलं, दोस्त मरायला टेकला तरी बाईचं काळीज हललं नाही. मठात एक लग्न होतं. तिथं जेवणाच्या पंगतीत ईरम्मा बसली आणि तिच्या शेजारच्या ताटावर शांतम्मा येऊन बसणार होती. शांतम्मानं तिला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की ही इथं बसली असेल तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. कुणीतरी ईरम्माच्या कानाशी वाकून काही बोललं. ती भरल्या ताटावरून उठली.

ती लवकर परत आली तेव्हा सिद्धलिंगनं विचारलं. डोकं दुखलालं, असं म्हणून ती आत गेली. मठातली हकिकत त्याला दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळली. तेव्हा तरी त्यानं उठून मंगळवार पेठेत जायला हवं होतं. तो फ्रेमला खिळे मारत राहिला.

अनिलकुमारबरोबरचे चार तास आता वेगळे झाले होते. सोबत्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पलीकडचा म्हातारा आता दिसत नव्हता आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही. एके दिवशी दुपारी, टीव्ही बंद होता, अनिलकुमार छताकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी सकाळी ईरम्मानं काव्याला फोन केलता. बाबांना बिनमिठाची चटणी चालती का म्हणून."

सिद्धलिंगनं बर्फाच्या खड्यांची वाटी उचलून त्याच्यापुढं धरली.

"सही करणार नसती तर चटणी कशाला विचारली असती, सिद्ध्या?"

मशीनची चाकं फिरत होती. नळ्यांतून रक्त येत होतं, जात होतं.

"तुझी तुला भीती वाटली," अनिलकुमार म्हणाला. "व्हय की न्हाय, एवढंच सांग."

"व्हय," सिद्धलिंग म्हणाला.

अनिलकुमारनं मान हलवली. शांतम्माला हे सांगू नको म्हणाला. तिला कुणाचातरी राग धरल्याशिवाय निभवता येणार नाही, आणि तुझा धरला तर मला इथं आणायला कोण. असं म्हणताना तो थोडा हसला. मग त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं आणि वेळ संपेपर्यंत इकडं पाहिलं नाही. त्यानंतरही सिद्धलिंग त्याला नेत राहिला, पण रिक्षात बसताना अनिलकुमार त्याच्या खांद्यावर हात टाकायचा तो टाकेनासा झाला. रिक्षाची दांडी धरून चढायचा.

दिवाळीनंतर मानेतल्या नळीतून संसर्ग झाला आणि ताप उतरलाच नाही. अनिलकुमार गेला. त्याला लिंगायत रीतीप्रमाणं बसवलं, भस्म लावलं, फुलांनी सजवलं. ओसरीवर मांडी घालून बसलेला तो अजूनही भूमिकेत बसल्यासारखा दिसत होता. रुद्रभूमीत दफनाच्या जागेपर्यंत सिद्धलिंगनं खांदा सोडला नाही. लोक वाट करून देत होते, त्याच्या पाठीवर हात ठेवत होते.

शोकसभेसाठी लागणारा मोठा फोटो सिद्धलिंगनंच फ्रेम केला. नाटकातलाच होता, फेटा बांधलेला. काचेवर बोट उमटलं म्हणून त्यानं ती तीनदा पुसली.

सभेत गुरप्पा मास्तर थरथरत उठले आणि म्हणाले की मी आयुष्यभर कागदावर एक मित्र लिहीत आलो, तो खरा बघायला मिळाला. आता त्यानं बोलावं. सिद्धलिंग माईकपुढं उभा राहिला. समोर पहिल्या रांगेत शांतम्मा, तिच्याशेजारी दिवस भरत आलेली काव्या. अगदी मागं, दाराजवळ, ईरम्मा उभी. तिला कुणी बसायला जागा दिली नव्हती किंवा तिनं घेतली नव्हती. तो बोलायला लागला. शाळा, तालमी, जत्रा, पुरातलं नाटक. लोक रडायला लागले. एका जागी तो थांबला आणि त्या शांततेत मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली ते स्पष्ट ऐकू आलं: द्यायला निघाला होता की बिचारा, बायकोनं अडवला.

ईरम्मानं ते ऐकलं. ती जागची हलली नाही, फक्त पदर नीट केला.

सिद्धलिंगच्या तोंडात वाक्य आलं होतं. हे इथंच, आत्ताच, एवढ्या लोकांत सांगून टाकावं. मग त्याला वाटलं की इथं सांगितलं तर तेही नाटकातल्यासारखंच ऐकू येईल, आणि लोक त्यावरही रडतील. हे खरं कारण होतं की पळवाट, हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही. त्यानं दोन शब्दांत आवरतं घेतलं आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंगळवार पेठेत गेला. दुकान बंद होतं. शांतम्मा घरात काव्याच्या केसांना तेल लावत होती. त्यानं बसायला नकार दिला आणि उभ्याउभ्यानंच सांगितलं. जेऊर, नळ, बाकडं, फोन. ईरम्मा शेजारी बसलेली होती, ती एका शब्दानंही नाही म्हणाली नव्हती. मी भ्यालो वहिनी, तो म्हणाला.

शांतम्माचे हात काव्याच्या डोक्यावर थांबले होते. तिनं विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"व्हय. त्यानं विचारलं, मी व्हय म्हटलं."

"कधी?"

"पावसाळ्यात."

काव्या रडायला लागली. शांतम्मा रडली नाही. तिचा चेहरा असा काही झाला की सिद्धलिंगला वाटलं ती आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"म्हणजे तुमी दोघांनी मिळून ठरवलं," ती म्हणाली. "भ्यालात त्याचं काय न्हाय. मीही भ्याले असते. पण मी त्या बाईला भरल्या ताटावरनं उठवलं, भाऊजी. आणि हे मशीनवर पडून गप, आणि तुमी शेजारी बसून गप. माझ्या हातानं करवून घेतलंत तुमी हे."

 तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली, पायात चपला घातल्या आणि त्याच्या अंगावरून बाहेर पडली. तो मागं निघाला तर तिनं वळून न बघताच, तुमी येऊ नका, असं सांगितलं.

तो दुकानात जाऊन बसला. दुपारी घरी गेला तेव्हा शांतम्मा जाऊन बराच वेळ झाला होता. दोघींत काय बोलणं झालं ते ईरम्मानं सांगितलं नाही. शेगडीजवळ दोन कप पडले होते. त्यानं भीत भीत विचारलं, जेऊरला तू गप का बसलीस? ईरम्मा भाकरी थापत होती.

"काय बोलणार हुते," ती म्हणाली. "तुमचे हात कसे गार पडले हुते ते मीच बघितलं की."

मग तव्यावरची भाकरी उलटली.

गल्लीनं काही दिवस त्याच्याविषयी बोलून घेतलं. मास्तरांनी निरोप पाठवला नाही, शालही परत मागितली नाही. दुकानात माणसं फ्रेमा करायला येत, माप सांगत, जात. सोमवारी ईरम्मा पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभी राहू लागली आणि शांतम्मा तिला घेऊन पुढं जाऊ लागली. सिद्धलिंग रस्त्यात दिसला तर शांतम्मा नजर वळवायची नाही. त्याच्याकडं बघायची आणि ओळख नसल्यासारखी पुढं जायची.

काव्याला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं ते ईरम्मालाच. ती सकाळी इरकल नेसून गेली, दुपार कलल्यावर परत आली. सिद्धलिंग दारातच बसला होता. बाळ कुणासारखं आहे, त्यानं विचारलं. नाक बापाच्या बापासारखं नाही, आईच्या बापासारखं आहे, असं तिनं सांगितलं. नाव काय ठेवलं तेही सांगितलं. मग पिशवीतून एक छोटा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यात गव्हाची गोड हुग्गी होती.

"वहिनींनी दिली?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ईरम्मा म्हणाली. "माझ्या वाटणीची हाय. खावा."